फोटोसारखं, पण जरा तरुण करा

सांगलीत आम्ही चित्रकारांच्या संस्थेची शाखा काढली हे कळल्यापासून भेटेल तो एकच विचारतो, "उद्घाटनाला कोणाला आणलं होतं?" कोणालाच नाही. नारळही फोडला नाही. विश्रामबागेतल्या एका क्लासच्या खोलीत रविवारी सकाळी सतरंजी टाकली, चहा सांगितला आणि भांडायला बसलो. शाखा म्हणजे प्रदर्शन, सत्कार, शाल-श्रीफळ आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरात ग्रुप फोटो, असा बहुतेकांचा समज असतो. आमच्या काही सभासदांचाही आहे. माझा नाही, आणि का नाही ते सांगते.

मी पोर्ट्रेट करते. पोट त्यावर चालतं. आमच्या जिल्ह्यात पतसंस्था, सूतगिरण्या, साखर कारखाने आणि शिक्षणसंस्था मोप आहेत, आणि प्रत्येकीला कधी ना कधी सभागृहात संस्थापकांचं तैलचित्र लावायचं असतं. संदर्भ म्हणून मिळतो तो एक फोटो, कुणाच्या तरी लग्नात काढलेला. त्यात अण्णा तिसऱ्या रांगेत, अर्धा चेहरा विहिणबाईंच्या पदरामागे. त्यावरून चार फूट बाय तीन फुटांचं चित्र करायचं. सूचना ठरलेली, "फोटोसारखं करा मॅडम, पण जरा तरुण." चित्र पूर्ण होत आलं की घरची मंडळी बघायला येतात. थोरला मुलगा म्हणतो फेटा अबोली होता, धाकटा म्हणतो गुलाबी. सूनबाई हळूच म्हणतात, मामंजी इतके हसरे नव्हते हो. मी ब्रश घेऊन उभीच. चित्र गेल्यावर पैशांसाठी फोन सुरू होतात. आधी "अनावरण झालं की लगेच", मग "मार्च एंड होऊ दे", मग "चेअरमन साहेबांची सही राहिलीय".

हे सगळं आपल्याच वाट्याला येतं असं मला कित्येक वर्षं वाटायचं. दर सांगितला की समोरचा हमखास म्हणायचा, "मिरजेचे ते तर अर्ध्यात करून देतात." मिरजेचे ते कोण हे मला माहीत होतं, त्यांचं कामही माहीत होतं. वाईट वाटायचं आणि मी दर उतरवायचे. आमच्या पहिल्याच बैठकीत ते मिरजेचे गृहस्थ माझ्या शेजारी बसले होते. बोलता बोलता म्हणाले, "ताई, तुमच्यामुळे माझे हाल झाले. जिथं जावं तिथं म्हणतात, सांगलीच्या मॅडम निम्म्यात देतात." खोलीत एकदम शांतता पसरली आणि मग सगळेच हसायला लागले. त्या हसण्यात किती जणांचे किती पैसे बुडाले होते कुणास ठाऊक. माझ्या मते शाखा त्या मिनिटाला स्थापन झाली. बाकी कागदपत्रं.

दुसरं कारण पुराचं. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आयर्विन पुलाजवळ 57 फुटांवर गेली. धोक्याची पातळी 45 ची. माझी कामाची जागा तेव्हा गावभागात तळमजल्यावर होती. पाणी ओसरल्यावर आत गेले तर गाळ, कुबट वास आणि भिंतीला टेकवून ठेवलेले कॅनव्हास फुगलेले. तैलरंग पाण्याला तसा दाद देत नाही, पण कॅनव्हासवरचा अस्तराचा थर सुटला की रंग पापुद्रे होऊन येतो. एका माजी आमदारांचा उजवा गाल माझ्या हातात आला, अगदी अख्खा. पंचनामा करायला आलेले गृहस्थ चांगले होते. त्यांनी विचारलं, "याची किंमत काय धरायची? बिल आहे का?" बिल नव्हतं. ऑर्डरचा कागद नव्हता. मी व्यावसायिक चित्रकार आहे असं सांगणारा एकही कागद माझ्याकडे नव्हता. त्यांनी लिहिलं, "फ्रेम, नग 7." त्यांना मी दोष देत नाही. शेजारच्या हळदीच्या व्यापाऱ्याकडे पावती पुस्तक होतं, वखारीची नोंद होती, असोसिएशनचं ओळखपत्र होतं. माझ्याकडे हातात आलेला गाल होता.

सांगली ही नाट्यपंढरी. विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये इथे 'सीतास्वयंवर' केलं, 5 नोव्हेंबरचा रंगभूमी दिन त्याच प्रयोगाचा. नाट्य परिषद 1905 ची, तिच्या शाखा गावोगाव. नटाला, लेखकाला, पडद्यामागच्या माणसालाही जायला एक दार आहे. चित्राचा मान मात्र आम्ही कोल्हापूरला देऊन टाकलेला. त्यात चूक काही नाही. आबालाल रहिमान तिकडचे, बाबूराव पेंटर तिकडचे. पण पन्नास किलोमीटरवरच्या शहराचा वारसा अभिमानाने सांगून आमच्या पतसंस्थेचं बिल निघत नाही. मुंबईत बॉम्बे आर्ट सोसायटी 1888 पासून आहे, आर्ट सोसायटी ऑफ इंडिया 1918 पासून. एवढ्या वर्षांत त्या चळवळीचा वारा आमच्या बाजूला प्रवेशिका पाठवण्यापुरताच आला. चित्र गुंडाळायचं, रात्रीच्या रेल्वेने पाठवायचं, निवड झाली नाही की परत आणायचा खर्च आपला.

आम्ही ज्या संस्थेची शाखा घेतली तीही मुंबईचीच, पण या दोन्हींपैकी नव्हे. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे तिच्याशी झालेली घासाघीस लिहायची आहे आणि संबंध टिकवायचेत.

स्वतंत्र संस्थाच काढा असं सांगणारे बरेच होते. कायद्याने ते अवघड नाही. सात माणसं, घटना, नियमावली, 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदणी, आणि आपल्या राज्यात त्याला जोडूनच धर्मादाय आयुक्तांकडे विश्वस्त संस्था म्हणून नोंद. अवघड आहे ते नंतरचं. दरवर्षीचं लेखापरीक्षण, आणि कार्यकारिणी बदलली की 90 दिवसांच्या आत बदल अहवाल. तो राहिला की कागदावर जुनेच पदाधिकारी राहतात, त्यातले काही वारलेले. असल्या संस्था आपल्या प्रत्येकाच्या गावात आहेत, खोटं वाटत असेल तर आपल्या वाचनालयात किंवा तालमीत विचारून बघा. आमच्यात हिशोब ठेवण्याची आवड असलेला माणूस एकच होता, आणि तो शिल्पकार होता, म्हणजे वर्षातले चार महिने गणपतीत. म्हणून शाखा. हिशोब, नोंदणी, लेखापरीक्षण मुंबईचं. माणसं आणि भांडणं आमची. त्याबदल्यात वर्गणीतला निम्मा वाटा त्यांना हवा होता. आम्ही म्हटलं तिसरा देऊ. तीन महिने पत्रव्यवहार चालला. शेवटी निम्मा ठरला, पण बँकेतलं खातं आमच्यातल्या दोघांच्या सहीने चालेल हे त्यांनी लेखी दिलं. याला मी विजय म्हणते. आमचे खजिनदार तडजोड म्हणतात.

खरी लढाई सभासदत्वाच्या अर्जातल्या एका रकान्यावर झाली. "कलाशिक्षण (पदविका/पदवी)."

आमच्याकडे आलेली माणसं अशी होती. शाळेत ड्रॉईंग शिकवणारे तीन सर. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षेला अख्खा तालुका बसवणारे, एटीडी (कलाशिक्षक पदविका) झालेले, पगारदार. जी. डी. आर्ट (कलेची सरकारी पदविका) झालेले आम्ही चार-पाच. दोन मूर्तिकार. रांगोळीत माणूस हुबेहूब काढणारी इस्लामपूरची एक मुलगी. आटपाडीकडचा एक भित्तिचित्रं करणारा, जो शाळांच्या भिंतींवर पाढे आणि वाघ काढतो. आणि बोर्ड पेंटर काका.

काकांबद्दल थोडं जास्त लिहिते. मारुती रोडवरची, गणपती पेठेतली निम्मी जुनी पाटी त्यांच्या हातची. आता उरल्यात त्या मोजक्या, बाकी फ्लेक्सखाली गेल्या. शिक्षण सातवी. मी त्यांना काम करताना पाहिलंय. पत्र्याला अस्तर मारून वाळवलेलं असतं. खडूची पूड लावलेला दोरा दोन टोकांना ताणून मध्ये टिचकी मारली की शिरोरेषेची सरळ रेघ उठते. तळाची रेघ तशीच. मग अक्षरं काढून न घेता थेट ब्रश. डाव्या हातात काठी, तिच्यावर उजवं मनगट टेकवलेलं. "किराणा व भुसार" हे लिहायला बसले की आधी दोन्ही शब्दांतले काने मारून घेतात, मग मधल्या जागा भरतात, आणि वेलांटी अगदी शेवटी, एका श्वासात. मी विचारलं होतं, वेलांटी शेवटी का? म्हणाले, "ती कुठं टेकणार ते शेजारी कोण बसलंय बघून ठरतं." टायपोग्राफीच्या तासाला आम्हाला हे कुणी इतकं नेमकं सांगितलं नव्हतं.

तर एका सरांचं म्हणणं पडलं की बोर्ड पेंटर हे कारागीर, कलाकार नव्हेत. त्यांना घेतलं तर उद्या मेंदीवाल्या येतील, परवा केकवर फुलं काढणारे. काका समोरच बसले होते. त्यांनी विचारलं, "सर, तुमचं शेवटचं चित्र कधी विकलं गेलं?" सर म्हणाले, "मी विकण्यासाठी काढत नाही." काका म्हणाले, "मग व्यावसायिक कोण?" पुढचा अर्धा तास त्या खोलीत काय चाललं होतं ते मी इतिवृत्तात लिहिलेलं नाही. "सदस्यत्वाच्या निकषांवर सविस्तर चर्चा झाली" एवढंच लिहिलंय. इतिवृत्ताचा उपयोग यासाठीच असतो.

माझं मत तेव्हाही हेच होतं आणि आजही आहे, की ज्याचा गॅस सिलिंडर रंगाच्या पैशातून येतो तो व्यावसायिक. पगारदार सरांना वगळा असं मी म्हणत नाही, त्यांच्याइतकी शिस्त आणि वेळ कुणाकडेच नाही, खोलीसुद्धा त्यांच्याच ओळखीने मिळाली. पण दर ठरवायच्या चर्चेत ज्यांना दराची झळ नाही त्यांनी शेवटी बोलावं. मुंबईच्या घटनेची प्रत मागवून मी ती तीनदा वाचली. पोटनियमात एक वाक्य सापडलं, "किंवा कार्यकारिणीच्या मते समकक्ष व्यावसायिक अनुभव असलेली व्यक्ती." त्या वाक्यावरून काका आत आले. आटपाडीचा आला. रांगोळीवाली आली. केकवाला अजून तरी कोणी आला नाही.

त्याच सुमारास एक गंमत झाली. पहिल्या जाहीर कार्यक्रमासाठी आमच्यातल्याच एका उत्साही कार्यकर्त्याने फ्लेक्स छापून आणला. दहा बाय सहा. चित्रकारांच्या शाखेचा फ्लेक्स! वर इंटरनेटवरून उतरवलेला रंगांचा पॅलेट, खाली आम्हा सगळ्यांचे पासपोर्ट फोटो गोल चौकटीत. काकांनी तो उलगडून पाहिला, परत नीट गुंडाळला आणि विचारलं, "कितीला पडला?" आकडा ऐकून म्हणाले, "मला विचारायचं तरी. तेवढ्यात केलं नसतं, पण विचारायचं तरी." कार्यकर्त्याची मान खाली. तो फ्लेक्स आता मूर्तिकारांच्या शेडवर पावसाळ्यात घालतात, गोल चौकटीतले आम्ही सगळे आभाळाकडे बघत असतो.

शाखेचं सगळ्यात उपयोगी काम आतापर्यंत झालंय ते दोन पानी कागदाचं. एका वकीलबाईंना बोलावलं होतं, मानधन देऊन. ते लिहिते आहे कारण आपल्याकडे चित्रकार स्वतः फुकट काम करायला नाराज असतात आणि वकिलाला मात्र फुकट बोलावतात. त्यांनी स्वामित्व हक्काचा, म्हणजे कॉपीराइटचा, 1957 चा कायदा समोर ठेवला. माझी समजूत होती की चित्र मी काढलं म्हणजे हक्क माझा, फक्त कॅनव्हास गिऱ्हाइकाचा. एरवी ते खरं आहे. पण त्याच कायद्याच्या 17 व्या कलमात अशी तरतूद आहे की मोबदला देऊन सांगून काढून घेतलेलं चित्र वा पोर्ट्रेट असेल, आणि वेगळा करार नसेल, तर स्वामित्व हक्काचा पहिला मालक ते काढायला सांगणारा. म्हणजे माझं अख्खं आयुष्य ज्या कामावर चाललंय नेमकं तेच काम. माझं एक तैलचित्र एका संस्थेने कॅलेंडरवर छापलं, स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर छापलं, कापडी पिशवीवरसुद्धा, तेव्हा मी मनातल्या मनात भांडत होते. कायदा त्यांच्या बाजूचा होता. "वेगळा करार नसेल तर" या चार शब्दांत आमची सगळी आशा आहे, आणि तो करार आमच्यापैकी एकानेही कधी केला नव्हता.

बाईंनी 57 वं कलमही सांगितलं. हक्क विकला तरी चित्राखाली नाव राहण्याचा आणि त्याची मोडतोड झाली तर दाद मागण्याचा अधिकार कलाकाराकडेच राहतो. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं ब्राँझचं भित्तिशिल्प 1979 मध्ये काढून गोदामात टाकलं होतं. दिल्ली उच्च न्यायालयाने 2005 मध्ये निकाल दिला, उरलेले अवशेष त्यांना परत करा आणि वर पाच लाख रुपये भरपाई द्या. हे ऐकून आमचे मूर्तिकार उठून बसले. त्यांचा एक पुतळा रस्ता रुंदीकरणात हलवून दुसरीकडे बसवताना हाताचं बोट तुटलं होतं आणि ते कुणी तरी सिमेंटने लावलं होतं. पुतळा उभारण्याआधी मातीच्या मॉडेलला कला संचालनालयाची मान्यता घ्यावी लागते, तेव्हा नाकडोळ्यांची बारकाईने तपासणी होते. नंतरच्या सिमेंटच्या बोटाला कुणाचीच मान्यता लागत नाही. ते म्हणाले, "बोट माझं नाही, पण खाली नाव माझं आहे."

तर तो कागद. ऑर्डर देणाऱ्याचं नाव, चित्राचा आकार, माध्यम, संदर्भ फोटो कोणी दिला. अर्धी रक्कम आगाऊ, उरलेली चित्र हलवण्याआधी. अनावरणाआधी नव्हे, हलवण्याआधी; हा शब्द मिरजेच्या गृहस्थांनी सुचवला, अनुभवाचा आहे. दुरुस्त्या दोनदा, तिसऱ्यांदा फेट्याचा रंग बदलायचा तर वेगळे पैसे. स्वामित्व हक्क चित्रकाराकडे, सभागृहात लावायला आणि संस्थेच्या अहवालात छापायला मुभा, बाकी छपाईसाठी विचारायचं. खाली शाखेचा शिक्का. शिक्क्याला कायद्यात काही अर्थ नाही, पण आपल्याकडे शिक्का बघितला की माणूस कागद वाचतो.

पहिला कागद मी एका पतसंस्थेच्या मॅनेजरपुढे ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले, "मॅडम, इतक्या वर्षांची आपली ओळख, आता कागद कशाला?" मी म्हटलं, "साहेब, तुम्ही कर्ज ओळखीवर देता का?" ते हसले, पण सही नाही केली. पंधरा दिवसांनी कळलं, ते मिरजेला गेले. तिथे त्यांच्यापुढे तोच कागद आला, तोच शिक्का. मग परत फोन, "तुमच्याकडेच करू, पण जरा लवकर." सगळीकडे असं झालेलं नाही. दोन कामं हातची गेली, एक कऱ्हाडकडे, एक डिजिटल प्रिंटवाल्याकडे. तो फोटो मोठा करून कॅनव्हासवर छापतो, वरून पारदर्शक जेलचे फटकारे मारतो आणि "हँड पेंटेड" म्हणून देतो. त्याच्याशी दरात कुणी लढू शकत नाही, लढायचंही नाही. आमच्यातले दोघे अजूनही कागदाशिवाय काम घेतात हे सगळ्यांना माहीत आहे. त्यांची नावं सभेत निघतात, तेव्हा ते चहा बघायला बाहेर जातात.

प्रदर्शनाचं अजून जमलं नाही. मुंबईच्या जहांगीर कलादालनाच्या तारखेसाठी वर्षानुवर्षं थांबायचं की इथेच मंगल कार्यालयात पॅनेल लावायचे, यावर एकमत नाही. सहल मात्र केली, सातारा जिल्ह्यातल्या औंधला. आटपाडी ही जुन्या औंध संस्थानातलीच, त्यामुळे आमचा भित्तिचित्रकार यजमान असल्याच्या थाटात पुढे. तिथले राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार, आणि 1938 चं तिथलं संग्रहालय म्हणजे एका चित्रकाराने दुसऱ्या चित्रकारांसाठी बांधलेलं घर वाटतं. रविवर्मांची चित्रं आहेत, इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचं आई-मुलाचं छोटं शिल्पसुद्धा आहे. मूर्तिकार त्याच्यापुढून हलेनात. काका म्हणाले, "बाकी सगळं झकास, पण पाट्या हातानं लिहायला पाहिजे होत्या." परतीच्या गाडीत रांगोळीवालीने त्यांना विचारलं, मला अक्षर शिकवाल का? फी किती घेणार यावर इस्लामपूर येईपर्यंत चर्चा झाली. फुकट शिकवू नका असं सगळ्यांनी काकांना बजावलं, विशेषतः सरांनी.

दुसऱ्या रविवारी सभा आहे, नेहमीच्याच खोलीत. विषय दोन. फ्लेक्स डिझाइन करणाऱ्या पोरांना सभासद करून घ्यायचं का, आणि दप्तराच्या कपाटाची दुसरी किल्ली कोणाकडे राहील. पहिल्या विषयावर काका स्वतःच "घ्या" म्हणणार आहेत, मला फोनवर सांगून ठेवलंय. दुसऱ्या विषयाला वेळ लागेल.